मुलगी अठरा, मुलगा एकवीस

१८७२ नंतर हिंदुस्थानात धर्मविधी टाळून नोंदणी पद्धतीनं लग्न करायचं, तर वधू-वरांना रजिस्ट्रारपुढे आधी एक प्रतिज्ञा करावी लागे. मी ख्रिस्ती धर्म मानत नाही. ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कुठलाच मानत नाही. एवढं सगळं नाकारून झालं की सरकार म्हणे, ठीक आहे, आता तुम्ही नवरा-बायको. हा त्या वर्षीचा तिसरा कायदा. साऱ्या देशाचं भलं व्हावं म्हणून तो कुणी केला नव्हता. कलकत्त्याच्या ब्राह्मो समाजात केशवचंद्र सेन यांचा एक गट होता. मूर्ती नको, होम नको, अशा रीतीनं त्यांच्यात लग्नं लागत. ही लग्नं कायद्यापुढे टिकतील का, अशी शंका निघाली आणि ॲडव्होकेट जनरलनं मत दिलं की टिकणार नाहीत. केशवचंद्र सरकारकडे गेले. १८६८ मध्ये हेन्री मेन यांनी मसुदा आणला, तो बराच ऐसपैस होता. त्यावर चहूबाजूंनी हरकती आल्या. मग फक्त ब्राह्मोंपुरता कायदा करू असं ठरलं, तर देवेंद्रनाथ ठाकुरांच्या आदि ब्राह्मो समाजानं कळवलं की आम्ही हिंदूच आहोत, आम्हाला यात ओढू नका. अखेर व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले कायदेसदस्य जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी तोडगा काढला. ज्याला यादीतला कुठलाच धर्म नको, त्याच्यासाठी हा कायदा.

ब्राह्मो होते मूठभर. त्यातही केशवचंद्रांच्या मागे गेलेले आणखी थोडे. तेवढ्यांसाठी कायदेमंडळानं चार वर्षं डोकं खपवलं. समलिंगी विवाहाची हकिकत सांगायला बसलं की मला आधी ही गोष्ट आठवते, कारण २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात दहा दिवस जो वाद झाला, तो याच कायद्याच्या १९५४ साली झालेल्या नव्या आवृत्तीवरून. आणि तेव्हा सर्वांत जास्त वेळा ऐकू आलेला आक्षेप असा की, मूठभर लोकांसाठी लग्नाची व्याख्या कशी बदलायची?

महाराष्ट्राला हा आक्षेप नवा नसावा. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला तेव्हा बाजूनं आलेल्या सह्यांच्या कितीतरी पट सह्या विरोधात होत्या. कायदा होऊनही १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकलंच. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये कोल्हापूर संस्थानात आंतरजातीय विवाहाला कायद्यानं मान्यता दिली, तीही कुणी मोर्चा काढून मागितली नव्हती. ब्रिटिश मुलखात त्याच मागणीचं विधेयक विठ्ठलभाई पटेलांनी आदल्याच वर्षी मांडलं होतं, ते बारगळलं. त्याआधी भूपेंद्रनाथ बसूंचं बारगळलं होतं. शेवटी नागपुरात वकिली केलेले हरिसिंग गौर यांनी हे काम हाती घेतलं आणि १९२३ मध्ये तडीस नेलं. त्यांच्या दुरुस्तीनंतर हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसांत लग्न करण्यासाठी आपला धर्म नाकारण्याची गरज उरली नाही. पण कायदेमंडळानं त्याची किंमत वसूल केली. असं लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून आपोआप वेगळा. त्याला दत्तक घेण्याचा हक्क नाही. आणि तो बापाचा एकुलता एक मुलगा असेल, तर बापाला दुसरा मुलगा दत्तक घ्यायची मुभा. म्हणजे हा मेला असं समजायचं. सुधारणेचा कायदा करतानाही समाजाचा राग कुठेतरी नोंदवून ठेवायचा, ही आपली जुनी रीत. १५ एप्रिल १९४८ रोजी डॉ. आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचा विवाह दिल्लीत नोंदणी पद्धतीनं झाला तेव्हा हा गाडा एवढाच पुढे आला होता.

१९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं धर्माची अटच काढली. त्याच्या चौथ्या कलमाची सुरुवात मोठी उदार आहे: कोणत्याही दोन व्यक्तींचा विवाह या कायद्याखाली लागू शकतो. मग अटी येतात. आधीचा जोडीदार हयात नसावा, संमती देण्याइतकी बुद्धी शाबूत असावी, वगैरे. आणि तिसरी अट: पुरुषाचं वय एकवीस पूर्ण, स्त्रीचं अठरा. ही अट मुलींची लग्नं लहानपणी उरकू नयेत म्हणून होती. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया समोर येऊन उभ्या राहतील, हे १९५४ मध्ये कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ध्यानीमनी नसण्याला एक कारण होतं. अशा माणसांची सोय आधीच दुसऱ्या कायद्यात लावून ठेवली होती. मेकॉलेनं १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला, तेव्हा या विषयावर जितकं कमी बोलावं तितकं बरं, अशी टीप लिहून त्यानं हात झटकले. १८६० मध्ये संहिता मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि कलम ३७७ नं 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. प्रत्यक्षात खटले फार थोडे झाले. कलमाचा खरा उपयोग चौकीत होई. बागेत, स्टेशनच्या मुतारीत कुणाला धरायचं, घरी सांगू का म्हणायचं आणि खिशातलं घड्याळ, पाकीट काढून घ्यायचं. यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. स्त्रियांवर तर हे कलम कायद्याच्या काटेकोर अर्थानं लागूही होत नव्हतं, पण धमकी द्यायला तेवढा काटेकोरपणा कुणाला लागतो?

भोपाळमधल्या दोघींना तर कलमाचीही गरज पडली नाही. लीला आणि ऊर्मिला मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलात शिपाई होत्या. डिसेंबर १९८७ मध्ये त्यांनी एकमेकींना हार घालून गांधर्व विवाह केला. फेब्रुवारीत ही बातमी फुटली, वर्तमानपत्रांत फोटो आले आणि दोघींची नोकरी गेली. गुन्हा नोंदवला नव्हता, नोंदवण्यासारखा नव्हताच. वर्तन, शिस्त असल्या शब्दांवर काम भागलं. मला या घटनेचं महत्त्व वाटतं ते कालक्रमामुळे. या देशात समलिंगींची चळवळ म्हणावी असं तेव्हा काही नव्हतं. मासिक नाही, संस्था नाही, याचिका नाही. हक्कांचं इंग्रजी साहित्य या दोघींनी वाचलं असेल असं मानायला आधार नाही. आणि तरी त्यांनी केलं काय, तर लग्न. आधी गुन्ह्याचा डाग पुसायचा, मग भेदभावाविरुद्ध कायदा, मग सहजीवनाची नोंद आणि सर्वांत शेवटी लग्न, असा क्रम वकील लावतात. बराकीतल्या दोन बायकांनी तो उलटा लावला.

त्या काळातल्या मुंबईत हा विषय साहित्याच्या आणि रंगभूमीच्या कडेकडेनं आला होता. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. रोहिणी हट्टंगडींनी त्यात मित्रा उभी केली होती. स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी प्रेक्षकानं प्रथम पाहिली ती बहुधा तिथे. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका मासिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं आणि १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' सुरू केलं. त्यातून १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, ज्याला पुढे वाकोल्याला महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. पालिकेनं जागा दिली ती हक्कांच्या प्रेमापोटी नव्हे, एड्सच्या भीतीपोटी. हे सांगायला हवं, कारण पुढची पंधरा वर्षं सरकारशी बोलण्याची भाषा आरोग्याची होती. स्त्रियांना या भाषेत जागा नव्हती. १९९५ च्या सुमाराला मुंबईत 'स्त्री संगम' हा गट जमला (आता लेबिया), तो स्त्रीचळवळीच्या अंगानं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि मराठीत लिहायला घेतलं. ते काम इंग्रजी वाचणाऱ्या मुंबईतल्या कार्यकर्त्यांकडून होण्यासारखं नव्हतं.

१९९८ च्या डिसेंबरात हा विषय एकदम रस्त्यावर आला. दीपा मेहतांचा 'फायर' लागला होता. एकाच घरातल्या दोन जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात. २ डिसेंबरला शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी मुंबईत न्यू एम्पायरवर आणि गोरेगावच्या सिनेमॅक्सवर हल्ला चढवला, काचा फोडल्या, खेळ बंद पाडले. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलवर. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी मोडतोड करणाऱ्यांचं अभिनंदन केलं. दिलीपकुमारांनी चित्रपटाच्या बाजूनं कोर्टात धाव घेतली, तर त्यांच्या घरासमोर शिवसैनिक अर्धनग्न होऊन बसले. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि एकही कट न लागता फेब्रुवारीत सुटून आला. पण खरी घटना ७ डिसेंबरला रीगलसमोर घडली. निषेधासाठी जमलेल्या नागरी संघटनांच्या, कलावंतांच्या गर्दीत काही बायका स्वतःच्या नावाचे फलक घेऊन उभ्या होत्या: आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियनही. हल्ला झाला नसता, तर त्या दिवशी त्यांना रस्त्यावर यायला निमित्त मिळालं नसतं.

कलम ३७७ विरुद्धचा कोर्टातला लढा सर्वांना थोडाफार ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. दिल्लीतल्या एड्स भेदभाव विरोधी आंदोलनानं १९९४ मध्ये याचिका केली, ती पडून राहिली आणि निघून गेली. २००१ मध्ये अंजली गोपालन यांच्या नाझ फाउंडेशननं दुसरी केली. दिल्ली उच्च न्यायालयानं २००४ मध्ये, तुमचा काय संबंध, म्हणून फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये, ऐकून घ्या, म्हणून परत पाठवली. या खटल्यात केंद्र सरकारची दोन खाती समोरासमोर उभी होती. गृहखातं म्हणे कलम हवं, आरोग्यखात्याची एड्स नियंत्रण संघटना म्हणे कलमामुळे आमचं काम अडतं. २ जुलै २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्या. मुरलीधर यांनी निकाल दिला. शहा मूळचे सोलापूरचे. आरोग्याचा मुद्दा त्यांनी दुय्यम ठेवला आणि डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत मांडलेली संवैधानिक नीतीची कल्पना मध्यभागी आणली: लोकांना काय रुचतं ती एक नीती, राज्यघटना काय सांगते ती दुसरी, आणि कायद्याला दुसरी बंधनकारक. समलिंगी हक्कांच्या भारतीय इतिहासाला आंबेडकरांचा धागा जोडला गेला तो इथे. माझ्या मते या साऱ्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं काम हेच झालं.

सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर २०१३ रोजी ते पुसून टाकलं. अपील करणारे सुरेशकुमार कौशल हे ज्योतिषी. त्यांच्या शेजारी मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड आणि काही ख्रिस्ती संस्था. एरवी एका व्यासपीठावर न दिसणारी मंडळी. न्या. सिंघवी यांच्या खंडपीठानं म्हटलं की समलिंगी हे लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले आहेत; तेव्हा कलम रद्द करायचं तर संसदेनं करावं. ज्या इंग्लंडनं हे कलम दिलं, तिथे त्याच वर्षी जुलैत समलिंगी विवाहाचा कायदा मंजूर झाला होता.

संसदेनं करावं म्हणता, तर संसदेत काय झालं तेही बघू. शशी थरूर यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ३७७ दुरुस्त करणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडायला परवानगी मागितली. खासगी विधेयक मांडू देणं हा निव्वळ शिष्टाचार असतो. तिथेच मतदान झालं: विरोधात ७१, बाजूनं २४. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

याच काळात, मे २०१५ मध्ये, मुंबईच्या 'मिड-डे'त एक छोटी जाहिरात आली. कार्यकर्ते हरीश अय्यर यांच्या आई पद्मा अय्यर यांनी मुलासाठी वर शोधायला दिलेली. वय, नोकरी, शाकाहारी असावा वगैरे नेहमीचा मजकूर, आणि जातीची अट नाही, मात्र अय्यर असल्यास प्राधान्य. त्याआधी काही वर्तमानपत्रांनी ती छापायला नकार दिला होता. छापून आली तेव्हा गहजब झाला तो दोन बाजूंनी. एका बाजूला संस्कृतीरक्षक, दुसऱ्या बाजूला चळवळीतले लोक: म्हणजे पुरुषाला पुरुष चालेल, पण जात आपलीच? पद्माबाईंनी ते थट्टेत लिहिलं असं सांगितलं. थट्टा असो वा नसो, त्या एका ओळीनं चळवळीच्या पोटातला वाद बाहेर काढला. लग्नाचा हक्क मागताना आपण लग्नाबरोबर येणारं सगळंच मागतो आहोत का, जात, हुंडा, मानपान, सासर? अनेक क्वीअर स्त्रीवाद्यांना लग्नाचं आकर्षण नव्हतंच. त्यांच्याकडे मदत मागायला येणाऱ्या मुलींची पहिली अडचण वेगळी होती. घरचेच मारतात, कोंडून ठेवतात, पळून गेलं तर बेपत्ता झाल्याची तक्रार देऊन पोलिसांकरवी परत आणतात. अशा मुलीला आधी घरापासून संरक्षण हवं, मंडप नंतर.

६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमतानं, प्रौढांच्या संमतीनं होणाऱ्या संबंधांपुरतं कलम ३७७ रद्द केलं. नवतेजसिंग जोहर हे नर्तक त्या खटल्यातले पहिले याचिकाकर्ते. न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की या लोकांची इतिहासानं क्षमा मागायला हवी. सगळीकडे इंद्रधनुष्यी झेंडे फडकले. त्या धामधुमीत एक गोष्ट थोड्यांच्याच लक्षात राहिली. केंद्र सरकारनं या खटल्यात विरोध केला नव्हता, निर्णय कोर्टाच्या विवेकावर सोडला होता. पण सोडताना बजावलं होतं की यातून विवाह, वारसा, दत्तक असल्या विषयांकडे जाऊ नका. सरकारला पुढचं पाऊल आधीच दिसलं होतं.

त्या पुढच्या पावलाची पहिली चाहूल तामिळनाडूत लागली. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. जी. आर. स्वामिनाथन यांनी ठरवलं की हिंदू विवाह कायद्यातली 'वधू' पारलिंगी स्त्रीही असू शकते. तुतिकोरिनच्या रजिस्ट्रारनं नाकारलेल्या लग्नाची नोंद करावी लागली. दिल्ली आणि केरळमध्ये याचिका आल्या. आणि १ एप्रिल २०२२ रोजी बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत विशेष विवाह कायदा दुरुस्त करणारं खासगी विधेयक मांडलं. त्यात वयाचा प्रश्न साध्या रीतीनं सोडवला होता. दोघंही पुरुष असतील तर एकवीस, दोघीही स्त्रिया असतील तर अठरा. गौर यांच्यानंतर नव्याण्णव वर्षांनी त्याच कायद्याची कवाडं रुंद करण्याचा हा दुसरा महाराष्ट्रीय प्रयत्न म्हणायचा. फरक इतकाच की गौर यांच्या विधेयकावर चर्चा झाली.

हैदराबादचे सुप्रियो आणि अभय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २५ नोव्हेंबर २०२२ रोजी नोटीस काढली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं आंतरधर्मीय विवाहांवर 'समन्वय' ठेवण्यासाठी समिती नेमली, हा योगायोग. पण या कायद्याखाली लग्न करणाऱ्या स्त्री-पुरुषांवरही सरकारचा डोळा असतो, हे त्यातून दिसलं. तीस दिवसांची नोटीस रजिस्ट्रारच्या फळ्यावर लागते, घरच्यांना, गावच्यांना, संघटनांना ती वाचता येते. समलिंगी जोडप्यांच्या याचिकांत ही नोटीस रद्द करण्याचीही मागणी होती.

१८ एप्रिल २०२३ रोजी सुनावणी सुरू झाली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. कौल, भट, कोहली आणि नरसिंह. थेट प्रक्षेपण होतं, त्यामुळे लोक घरी, कचेरीत कानात इयरफोन घालून घटनापीठ ऐकत होते. सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी पहिल्याच तासाला आग्रह धरला की हा विषय कोर्टाचा आहे की संसदेचा, हे आधी ठरवा. सरन्यायाधीशांनी तो मानला नाही. मात्र त्यांनी स्वतःच मैदान लहान केलं. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती वैयक्तिक कायद्यांना हात लावायचा नाही, फक्त विशेष विवाह कायद्याबद्दल बोलायचं.

वाटलं होतं की यामुळे काम सोपं होईल. झालं उलटं. या कायद्याखाली दोन हिंदूंनी लग्न केलं, तर १९७६ च्या एका दुरुस्तीमुळे वारसा पुन्हा हिंदू कायद्यानं चालतो. म्हणजे वैयक्तिक कायदे मागच्या दारानं आत. मग पोटगीचं कलम 'पत्नी'ला हक्क देतं, घटस्फोटाची काही कारणं फक्त पत्नीसाठी आहेत. दोन पुरुषांत पत्नी कोण? मेहतांनी असे एकशे साठ तरतुदींचे दाखले मोजले. त्यात थट्टेचा सूर होता, तरी प्रश्न खोटा नव्हता. ज्या तरतुदी बायकांच्या रक्षणासाठी लढून मिळवल्या, त्या 'जोडीदार' या सपाट शब्दात विरघळून गेल्या तर? याचिकाकर्त्यांकडून मुकुल रोहतगी, अभिषेक मनू सिंघवी, मेनका गुरुस्वामी, सौरभ किरपाल एकामागून एक उभे राहिले. त्यांचा भर चौथ्या कलमाच्या पहिल्या ओळीवर: कोणत्याही दोन व्यक्ती. वयाबद्दलचं त्यांचं उत्तर सुळे यांच्या विधेयकातलंच होतं. पारलिंगी व्यक्तीचं काय, या प्रश्नावर मात्र उत्तरं डळमळू लागली.

कोर्टाबाहेरचं चित्र अधिक बोलकं होतं. केंद्रानं लिहून दिलं की ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे. आकडे कुठे आहेत, असं सरन्यायाधीशांनी विचारलं, आकडे नव्हते. भोपाळच्या शिपाई बायकांचं नाव कुणी घेतलं असतं, तरी पुरलं असतं. जमियत उलेमा-ए-हिंद आणि हिंदुत्ववादी संघटना पुन्हा एका बाकावर. बार कौन्सिलनं सुनावणी चालू असतानाच विरोधाचा ठराव केला, जो वकिलांच्या संस्थेनं करावा असा नव्हता. 'स्वीकार' या पालकांच्या गटातल्या चारशेहून अधिक आई-वडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं की आमच्या मुलांची लग्नं आमच्या डोळ्यांदेखत व्हावीत. केंद्रानं राज्यांची मतं मागवली. राजस्थान, आंध्र आणि आसामनं विरोध कळवला. त्यात राजस्थानात काँग्रेस सत्तेवर होती. महाराष्ट्रानं वेळ मागून घेतला. केशवपनापासून संमतिवयापर्यंत लग्नाच्या प्रत्येक प्रश्नावर शंभर वर्षं भांडलेल्या प्रांताला, या प्रश्नावर मत बनवायला सवड हवी होती.

१७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल पुष्कळांनी अर्धवट ऐकला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात शब्द घालून तो समलिंगींना लावता येणार नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं; चंद्रचूडांचंसुद्धा. फूट पडली ती पुढच्या मुद्द्यावर. चंद्रचूड आणि कौल म्हणाले की एकत्र राहण्याच्या नात्याला काही दर्जा देणं आणि त्यातून येणारे लाभ देणं हे राज्याचं कर्तव्य आहे, आणि अविवाहित जोडप्यांना दत्तक नाकारणारा नियम टिकत नाही. भट, कोहली, नरसिंह यांनी दोन्ही नाकारलं. तीन विरुद्ध दोन. भट यांनी बहुमताचा मुख्य निकाल लिहिला. त्यांचं म्हणणं असं की नातं जोडायला कुणाची मनाई नाही, पण राज्यानं त्याला मान्यतेची चौकट बांधून द्यावी असा हुकूम कोर्ट देऊ शकत नाही. लग्नाच्या प्रथा आजवर बदलल्या त्या कायदेमंडळानं कायदे करून बदलल्या.

इतिहास म्हणून हे बरोबर आहे, पण अर्धाच. १८५६ चं आणि १८७२ चं कायदेमंडळ निवडून आलेलं नव्हतं. त्याला सह्यांच्या ढिगाची भीती नव्हती. १९५४ च्या संसदेला मतदारांची भीती होती, पण नेहरूंकडे बहुमत होतं आणि हिंदू संहितेवरून आंबेडकरांनी १९५१ मध्ये दिलेला राजीनामा ताजा होता. २०२३ च्या संसदेकडे बहुमत होतं, ते दुसऱ्या दिशेचं. 'संसदेनं करावं' हे वाक्य न्यायालयानं २०१३ मध्येही उच्चारलं होतं आणि संसदेनं त्यावर मतदान करून उत्तरही दिलं होतं, ७१ विरुद्ध २४. ते उत्तर माहीत असताना तोच पत्ता पुन्हा देणं याला मी संयम म्हणणार नाही.

निकालानंतर जे हाताला लागलं ते कागदोपत्री आहे. केंद्राच्या आश्वासनाप्रमाणे एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. त्याच वर्षी परिपत्रकं निघाली: समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येईल, एकमेकांना नामनिर्देशित करता येईल, रेशन कार्डावर एक कुटुंब म्हणून नाव लावता येईल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तीत ३७७ ची जागाच ठेवलेली नाही. संमतीचे संबंध गुन्हा नाहीत हे तर झालंच, पण पुरुषावर पुरुषानं केलेल्या बलात्काराला शिक्षा देणारं कलमही त्याबरोबर गेलं. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठानं दालनातच फेटाळल्या.

वरच्या कोर्टाचं दार बंद झाल्यावर खालच्या कोर्टांत बारीक बारीक फटी पडू लागल्या आहेत. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं घरच्यांनी अडवून ठेवलेल्या एका तरुणीला तिच्या मैत्रिणीकडे जाऊ दिलं आणि म्हटलं की कुटुंब उभं करायला विवाह हाच एक मार्ग नाही, निवडलेलं कुटुंबही कुटुंबच. खंडपीठावर तुतिकोरिनच्या लग्नाचा निकाल देणारे स्वामिनाथनच होते. मुंबई उच्च न्यायालयात तर प्रश्न थेट आयकराचा आहे. जवळच्या नातेवाइकानं दिलेल्या भेटीवर कर नाही आणि त्या यादीत पती-पत्नी आहेत. इतरांकडून वर्षाला पन्नास हजारांपेक्षा जास्त रक्कम भेट मिळाली तर ती उत्पन्नात धरली जाते. एका पुरुष जोडप्यानं विचारलं आहे की एकत्र घर चालवताना आम्ही एकमेकांना पैसे दिले तर त्यावर कर का भरायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयानं ॲटर्नी जनरलना नोटीस काढली.